गोठलेल्या तळ्यावर मोठा वॉलआय: पहिल्या हिवाळ्यासाठी पायरीपायरीने

बर्फावर दिवसभर बसून रिकाम्या हाताने परतणारा आणि मोठा वॉलआय (गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) पकडणारा, या दोघांच्या साहित्यात फारसा फरक नसतो. सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा पाऊण तास दोघांनी कसा घालवला, त्यावर सगळं ठरतं. मिनेसोटात नव्याने आलेल्या, गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बघावासा वाटणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. पुढची प्रत्येक पायरी त्या सव्वा तासाच्या तयारीची आहे, हे डोक्यात ठेवून वाचा.

या वेळेला एवढं महत्त्व का? वॉलआयच्या डोळ्यात, दृष्टिपटलाच्या मागे, प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. मांजराच्या डोळ्यातही असाच थर असतो. त्यामुळे अंधुक उजेडात वॉलआयला स्वच्छ दिसतं आणि तो ज्या पर्च माशांवर जगतो त्यांना दिसेनासं होतं. शिकार सोपी होते ती याच वेळी. दिवसभर खोल पाण्यात सुस्त पडून राहिलेले मोठे मासे तेव्हा उतार चढून वर येतात. डिसेंबरच्या मध्यावर मिनिआपोलिसला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, फेब्रुवारी संपता संपता सहाच्या जरा आधी. तुम्ही ज्या तळ्यावर जाणार तिथली त्या दिवशीची वेळ आधी बघा आणि तिथून उलटं मोजत या. सूर्यास्त साडेचारला असेल तर सव्वातीनपर्यंत सगळी भोकं पाडून झाली पाहिजेत, पावणेचारला गळ पाण्यात हवा आणि चारनंतर बर्फावर तुमच्या पावलांचा आवाज नको.

परवाना आणि नियम

मिनेसोटात १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. सलग ६० दिवस राज्यात वास्तव्य झालं असेल तर रहिवासी दराने मिळतो. नसेल, किंवा भारतातून आई-वडील, भाऊ-बहीण आले असतील, तर बाहेरच्यांसाठी २४ तासांचा, ७२ तासांचा किंवा सात दिवसांचा परवाना घेता येतो. परवान्याचं वर्ष १ मार्चला सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपतं, म्हणून फेब्रुवारीत घेतलेला वार्षिक परवाना थोडेच दिवस चालतो. जानेवारीत एक शनिवार-रविवार-सोमवार असा येतो की १५ वर्षांपर्यंतच्या मुलाला बर्फावर मासेमारीला नेणाऱ्या रहिवाशाला परवाना लागत नाही. मुलं असतील तर सुरुवात तिथूनच करा.

हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ टाकता येतात. राज्यातल्या बहुतेक तळ्यांवर वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बंद होतो. कॅनडाच्या सीमेवरच्या लेक ऑफ द वुड्सवर तो १४ एप्रिलपर्यंत चालतो, पण तिथे १९.५ ते २८ इंच लांबीचा वॉलआय लगेच सोडून द्यावा लागतो. मिल लॅक्स या मोठ्या तळ्याचे नियम तर वर्षागणिक बदलतात. तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या, म्हणजे डीएनआरच्या, संकेतस्थळावर त्या एका तळ्याचं पान उघडून वाचायची सवय लावून घ्या. मागच्या वर्षी मित्राने सांगितलेला आकडा यंदा चालेलच असं नाही.

सॉगर नावाचा वॉलआयचा भाऊबंद याच पाण्यात असतो. पटकन ओळखायचं तर शेपटीचा खालचा कोपरा बघा. वॉलआयचा पांढरा असतो. सॉगरच्या पाठीवरच्या परावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा दिसतात.

बर्फाची पारख

हा भाग मी घाईने उरकणार नाही. आपल्यापैकी कोणीही गोठलेल्या पाण्यावर चालत लहानाचं मोठं झालेलं नाही. इथल्या शेजाऱ्याला जे पाचव्या वर्षापासून अंगवळणी पडलंय ते आपल्याला ठरवून शिकावं लागतं.

डीएनआरचा दंडक असा: नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फाची जाडी चार इंचांपेक्षा कमी असेल तर त्यावर पाऊल ठेवायचं नाही. पायी जायला चार इंच, स्नोमोबाइलला पाच ते सात, लहान मोटारीला नऊ ते दहा आणि मध्यम ट्रकला तेरा इंच. बर्फ पांढरा, दुधट असेल, म्हणजे हिमवर्षाव भिजून पुन्हा गोठलेला, तर त्याची ताकद निम्मी धरा आणि जाडी दुप्पट मागा. माझं म्हणणं, पहिल्या हिवाळ्यात मोटार बर्फावर नेऊच नका. सामानाची घसरगाडी दोरीने ओढत पायी जा.

जाडी डोळ्यांनी कळत नाही, मोजावी लागते. त्यासाठी लांब, जड पहार सोबत ठेवा. दोन पावलं टाकली की पुढे एक जोराचा घाव घाला. एका घावात पाणी वर आलं तर आल्या पावली मागे फिरा. दर दीडशे फुटांवर एक भोक पाडून मोजपट्टी आत सोडा, तिचं टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवा आणि जाडी वाचा. एकाच तळ्यावर किनाऱ्याला सहा इंच आणि शंभर पावलांवर अडीच इंच असं सहज असू शकतं. ओढा जिथे तळ्याला मिळतो ती जागा, पुलाखालचा भाग, दोन तळ्यांना जोडणारी चिंचोळी वाट, झऱ्यांच्या जागा, लव्हाळ्याचं दाट बेट आणि जिथे बोटी लावायचा धक्का वाचवण्यासाठी पाणी खळबळत ठेवलेलं असतं ती जागा, या सगळ्यांना लांबून वळसा घाला. हिमाचा जाड थर बर्फावर साठला की तो पांघरुणाचं काम करतो, खालचा बर्फ वाढत नाही. म्हणून नुसत्या थंडीच्या आकड्यावर विसंबू नका.

मोठ्या तळ्यांवर दाबाने बर्फाचे कंगोरे उभे राहतात आणि भेगा उघडतात. सकाळी ओलांडलेली भेग संध्याकाळी वाऱ्याने दोन-तीन फूट रुंदावलेली असू शकते. तुम्ही परतणार अंधारात, म्हणून जाताना वाट फोनच्या नकाशावर नोंदवत जा. फोन अंगाला लागून, आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते. बर्फ गडगडतो, लांबवर तोफ डागल्यासारखे आवाज काढतो, ते तापमान बदलून तो पसरत-आक्रसत असल्यामुळे. या आवाजाची भीती बाळगायचं कारण नाही. भीती पायाखाली पाणी साचण्याची आणि किनाऱ्याशी बर्फ सुटण्याची बाळगा.

गळ्यात बर्फाच्या खिळ्यांची जोडी घालायची. लाकडी किंवा प्लास्टिकच्या दोन मुठी, प्रत्येकीला टोकदार खिळा, मध्ये दोरी. तरंगणारा पोशाख परवडत असेल तर पहिली खरेदी तीच करा, ऑगर (बर्फात भोक पाडायचा गिरमिट) नंतर. नाही तर पोहण्याचं जाकीट बाहेरच्या कोटावरून चढवा.

आणि पडलातच तर? मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्त यांनी लोकप्रिय केलेला १-१०-१ हा मंत्र पाठ करा. पहिल्या एका मिनिटात फक्त श्वास ताब्यात आणायचा. गार पाण्याच्या धक्क्याने धाप लागते, ती ओसरते. त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय हुकमत ऐकतात. शुद्ध हरपायला सुमारे एक तास असतो. तेव्हा त्या १० मिनिटांत, ज्या दिशेने आलात तिकडे तोंड करा, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला आत्ताच पेललं होतं. खिळे बर्फात रोवा, पाय मागे सरळ करून लाथा मारा आणि पोटावर सरकत वर या. वर आल्यावर उभं राहू नका, लोळत लांब जा. घरी कोणाला तरी सांगून निघा की कुठल्या तळ्यावर, कुठल्या बाजूने आणि किती वाजेपर्यंत. एकट्याने पहिला हिवाळा काढू नका.

ऊब

अंगाशी सुती काहीही नको. घाम आला की सुती कापड ओलं राहतं आणि उणे वीसमध्ये ओलं कापड घातक ठरतं. आत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, मध्ये फ्लीस, बाहेर वारा अडवणारं. तळ्यावर चालत जाताना कोट उघडा ठेवा, पोचल्यावर बंद करा. बूट एक माप मोठे घ्या. घट्ट बुटात दोन मोजे घातले तर रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. बुटाखाली खिळ्यांचे पट्टे लावा.

तंबूत प्रोपेनची शेगडी लावणार असाल तर बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा गजर तंबूत असलाच पाहिजे, आणि हवा येण्या-जाण्यासाठी खाली एक, वर एक फट उघडी ठेवायची. या वायूला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं, तर कारण शोधत न बसता आधी बाहेर पडा.

तळं निवडताना

जिथे मोठे मासे नाहीतच तिथे कितीही कौशल्य पणाला लावलं तरी मोठा मासा मिळत नाही. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते, पण बहुतेक नवखे इथेच चुकतात आणि घराजवळच्या तळ्यावर हिवाळा घालवतात.

डीएनआरच्या लेकफाइंडर या सोयीवर तळ्याचं नाव टाका. बहुतेक मोठ्या तळ्यांची जाळी टाकून केलेली पाहणी तिथे असते, आणि तिच्यात कुठल्या जातीचे, किती लांबीचे, किती मासे सापडले याचा तक्ता असतो. वॉलआयची ओळ बघा. एकूण आकडा मोठा पण सगळे १२ ते १५ इंचांचे असतील, तर ते जेवणाचं तळं. एकूण संख्या कमी पण २५ इंचांच्या वरचे काही असतील, तर ते तुमचं तळं. त्याच तक्त्यात टलिबी किंवा सिस्को नावाचा चरबीदार मासा आहे का तेही बघा. तो खाऊन वॉलआय आडवातिडवा वाढतो. नुसत्या पर्चवर जगणाऱ्या वॉलआयला ती गोलाई सहसा येत नाही.

ट्विन सिटीजपासून (मिनिआपोलिस-सेंट पॉल) दोन तासांच्या आत असलेलं मिल लॅक्स हे माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात योग्य. १,३२,००० एकरांचा विस्तार, तरी सर्वांत खोल जागा साधारण ४२ फूट. त्यात टलिबी आहे आणि मोठ्या माद्याही आहेत. लेक ऑफ द वुड्सला बॉडेट गावातून जाता येतं, चार-पाच तासांचा प्रवास. तिथे १९५९ मध्ये उभारलेला ४० फुटी वॉलआयचा पुतळा आहे, मुलांना आवडतो. संख्या तिथे भरपूर मिळते, पण पाहुण्यांना मिळतात त्यातले बरेचसे सॉगर आणि खाण्याजोगे वॉलआय. सीमेपलीकडे मॅनिटोबातल्या लेक विनिपेगचं नाव मोठ्या, हिरवट पाठीच्या वॉलआयसाठी आहे. तिथे गळाला उलटा काटा चालत नाही आणि २८ इंचांच्या वॉलआयला प्रांताकडून 'मास्टर अँगलर'चा सन्मान मिळतो. पण त्या अफाट पाण्यावर स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका.

पहिली फेरी रिसॉर्टच्या उबदार झोपडीत करायला काही हरकत नाही. ते गाडीने नेऊन सोडतात, भोकं पाडून देतात, भेगांवर फळ्या टाकून रस्ता सांभाळतात. पैसे मोजावे लागतात, पण बर्फाची जाण असलेल्या माणसाला दिवसभर प्रश्न विचारता येतात.

तळ्यातली जागा

गोठलेल्या तळ्यात सर्वांत गार पाणी बर्फाला चिकटून असतं आणि तळाशी चार अंशांच्या जवळपासचं, कारण पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. वॉलआय बहुतेक तळाशी किंवा तळापासून थोडा वर राहतो. कुठल्या तळाशी, हे महिन्यावर अवलंबून.

पहिला बर्फ म्हणजे डिसेंबर, आणि मोठ्या माशासाठी माझी पहिली पसंती हीच. टलिबी शरद ऋतूच्या शेवटी, बर्फ धरायच्या सुमारास, उथळ खडकाळ भागात अंडी घालायला येतो. त्याच्या मागोमाग मोठ्या वॉलआय माद्या येतात. त्या पाणी बर्फाखाली गेल्यावरही काही आठवडे तिथेच घुटमळतात. आठ ते पंधरा फूट पाणी, शेजारी खोल उतार, आणि तळाशी गोटे किंवा अजून हिरवं असलेलं पाणगवत. अशी जागा नकाशावर शोधायची तर समखोली रेषा जिथे एकमेकींच्या जवळ येतात तिथे बोट ठेवा, आणि त्यातही उताराचं नाक कुठे पुढे आलंय ते बघा.

जानेवारीत मासे खाली सरकतात. २० ते ३२ फुटांवर, गाळाच्या सपाटीच्या कडा आणि मध्येच वर आलेले उंचवटे धरून राहतात. आता भूक मंद झालेली असते आणि खाण्याची वेळ आणखी आखूड होते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पुन्हा हालचाल वाढते. मादीच्या पोटात अंडी भरत आलेली असतात, ती जड झालेली असते, आणि वसंतात जिथे अंडी घालायची त्या नदीमुखांकडे, गोट्यांच्या किनाऱ्यांकडे मासे सरकू लागतात.

मोठा वॉलआय म्हणजे मादीच. नर फार मोठे होतच नाहीत. २८ इंचांचा मासा उत्तरेकडच्या गार पाण्यात बारा वर्षांच्या पुढचा असू शकतो. शेवटी तो सोडायचा का, याचं उत्तर यातच आहे.

साहित्य

ऑगर आठ इंचांचा पुरे. मोठ्या माशासाठी दहा इंच लागतातच असं सांगणारे भेटतील. ३० इंची वॉलआयचा घेर साधारण १६-१७ इंच भरतो, म्हणजे व्यास साडेपाच इंचांच्या आसपास. आठ इंचांच्या भोकातून तो सहज येतो. घरच्या ताकदवान ड्रिलला जोडायचा हलका ऑगर मिळतो, नवख्याला तो सोयीचा.

काठी २८ ते ३२ इंचांची, मध्यम ताकदीची, टोकाला जरा लवचिक. तंगूस आठ पौंडांचा. विणलेली दोरी वापरली तर उघड्यावर ती पाण्याने भिजून गोठते, म्हणून ती तंबूतच, आणि पुढे दोन-तीन फूट फ्लोरोकार्बन तंगूसाचा तुकडा जोडून. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा तंगूस किती ताणाला सुटेल ते, घरी बरोबर वाटतो आणि बर्फावर घट्ट होतो, म्हणून तिथे पोचल्यावर हाताने ओढून पुन्हा बसवा. भोकातला बर्फाचा चुरा काढायला झारा घ्या. स्वयंपाकघरातला जुना मोठा झाराही चालतो.

आमिषं थोडीच पण नेमकी घ्या. पाव ते तीन अष्टमांश औंसाचे दोन-तीन धातूचे चमचे, त्यात एक आत मणी खुळखुळणारा. गोल फेऱ्या मारत सरकणारा रापालाचा जिगिंग रॅप, सात किंवा नऊ क्रमांकाचा. आणि चपटं, खुळखुळणारं, तोंडापुढे पट्टी नसलेलं एक आमिष. रंगांबद्दल फार डोकं चालवू नका. पाणी तपकिरी असेल तर सोनेरी आणि गुलाबी, स्वच्छ असेल तर चंदेरी, अंधारात चमकणारा एक. जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचे लहान मासे, परवानाधारक दुकानातून घ्या. तळ्याच्या पाण्यात मिनो घरी नेणं बेकायदा आहे. उरलेले मिनो तळ्यात ओतायचे नाहीत, कचऱ्यात टाकायचे. परक्या जीवजंतूंनी तळी कशी बदलतात हे मिल लॅक्सवर २००५ मध्ये झेब्रा शिंपले सापडल्यापासून सगळ्यांनी पाहिलंय.

सोनार, म्हणजे पाण्याखालचं दाखवणारं गोल तबकडीचं यंत्र, हे मात्र घ्याच. नवं नाही परवडलं तर जुनं घ्या. तळ जाड रेघेसारखा दिसतो, तुमचं आमिष बारीक रेघ, आणि मासा आला की तळाची रेघ फुगते, मग तिच्यातून दुसरी रेघ सुटून वर येते. हिरवी असेल तर मासा कडेला आहे, लाल झाली की बरोबर खाली. सोनारशिवायही मासा लागतो, पण तो खाली आला, बघून निघून गेला, हे तुम्हाला कधीच कळत नाही. त्यामुळे शिकणं थांबतं.

भोकं

उताराला काटकोनात, उथळातून खोलाकडे जाणारी आठ-दहा भोकं एका ओळीत पाडा. प्रत्येकात सोनार घालून खोली आणि तळ बघा. तळाची रेघ ठळक आणि रुंद असेल तर तळ टणक, फिकट असेल तर गाळ. टणक आणि गाळ जिथे मिळतात, तिथे तंबू. उरलेली भोकं सोडून द्यायची नाहीत. मासा तंबूखाली आला नाही तर पुढे-मागे सरकायला ती लागतात, आणि दिवेलागणीला ऑगर चालवला तर उथळ पाण्यातले मासे पळतात.

दुसरा गळ तुमच्या भोकापासून चार-पाच फुटांवर लावा. साधा एकेरी गळ, वर थोडं शिसं, पाठीतून अडकवलेला जिवंत शायनर (मिनोचाच एक प्रकार), तळापासून फूटभर वर. हा गळ हलवायचा नाही. टिप-अप, म्हणजे मासा लागताच झेंडा उभा करणारं यंत्र, लावलंत तर ते तुमच्यापासून २०० फुटांच्या आत हवं.

तो सव्वा तास

चमच्याच्या तिहेरी गळाच्या एका काट्यावर मिनोचं डोकं, कल्ल्यांच्या मागे चिमटीत तोडून, टोचा. तळापर्यंत सोडा, एकदा तळावर आपटा म्हणजे गाळाचा लहानसा ढग उठेल, आणि फूटभर वर घ्या.

आता हाक मारायची. काठी दोन-तीन फूट झटक्यात वर, मग चमचा मोकळा पडू द्या, फडफडत. पुन्हा एकदा. मग थांबा. पाच-सात सेकंद काही नाही, फक्त मनगट थरथरलं तर तेवढंच. मासे जवळ आणायचं काम झटका करतो, पण ते तोंडात घेतात बहुधा थांबल्यावर. नवख्याचा हात थांबत नाही. स्वतःला मोजायला लावा.

तळाची रेघ फुगली की मोठे झटके बंद. आमिष हळूहळू, सहा इंच, मग आणखी सहा इंच वर न्या. मासा मागे येतो का बघा. वॉलआयला वर बघून खायला आवडतं, म्हणून आमिष कधीही त्याच्या डोक्याखाली सोडू नका. येत असेल तर वर नेतच राहा, कधी कधी तळापासून सहा-आठ फूटही. मोठे मासे हा पाठलाग जास्त करतात. लहान मासा पहिल्या फूटभरातच ठरवतो. मध्येच मासा थबकला तर तिथेच जागच्या जागी आमिष किंचित थरथरवा, आणि स्थिर ठेवा. रेघा एकमेकीत मिसळल्या आणि काठीचं टोक जड झालं, किंवा उलट एकदम हलकं झालं, की मनगटाने झटका द्या.

मासा येऊन बघतो आणि जातो, असं दोन-तीनदा झालं तर आमिष लहान करा किंवा दुसऱ्या गळाकडे लक्ष ठेवा. खूपदा चमच्याच्या आवाजाने आलेली मोठी मादी शेजारच्या शांत शायनरला तोंड लावते. काही मासे तळापासून बरेच वर, टलिबींच्या थव्यांमागे हिंडतात. सोनारवर मध्येच एकटी जाड रेघ दिसली तर आमिष लगेच तिच्या वर आणा.

तंबूतले दिवे तांबडे किंवा मंद ठेवा, आणि उथळ पाण्यावर बसलेले असाल तर बूट आपटू नका, बादल्या ओढू नका. पुरता अंधार झाल्यावर हालचाल बंद पडली तरी लगेच आवरू नका. काही तळ्यांवर रात्री आठ-नऊला आणखी एक लहानशी लाट येते. पहाटेचा तासही संध्याकाळइतकाच चांगला, पण पहाटे अनोळखी बर्फावर अंधारात चालत जावं लागतं, म्हणून पहिल्या वर्षी संध्याकाळच बरी.

मासा लागल्यावर

मोठा वॉलआय धावत नाही. तो खाली राहून डोकं जड-जड हलवतो. सगळ्यात आधी सोनारचं टोक भोकातून बाहेर काढा आणि दुसरा गळ गुंडाळा. मोठे मासे निसटतात ते बहुतेक त्या तारेत तंगूस अडकून. काठी वर-खाली हापसू नका, वाकलेली ठेवा आणि संथपणे रीळ फिरवा. खाली जायला लागला तर जाऊ द्या. भोकाच्या तोंडाशी आल्यावर बर्फाच्या खालच्या कडेला तंगूस घासू नये म्हणून काठी भोकाच्या मधोमध धरा आणि डोकं आत येईपर्यंत थांबा. हातमोजा काढून, हात ओला करून कल्ल्याच्या झाकणाखाली धरा, आतल्या तांबड्या कल्ल्यांना बोट लागू न देता. तोंडात अंगठा घालायचा नाही. वॉलआयला सुळे असतात.

उणे वीसच्या हवेत कल्ल्यांवरचं आणि डोळ्यांवरचं पाणी काही क्षणांत गोठायला लागतं. म्हणून मोजपट्टी ओली करून, पकड आणि कॅमेरा हाताशी ठेवून मगच मासा बाहेर काढा. शक्यतो तंबूच्या आत. एका हाताने पोटाखाली आधार, आडवा धरूनच. कोरड्या बर्फावर किंवा हिमावर ठेवू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. लांबी घ्या, घेर घ्या, एक फोटो, आणि डोकं खाली करून भोकात सोडा. लांबीचा घन करून २७०० ने भागलं की पौंडांत अंदाजे वजन मिळतं. २८ इंचांचा मासा साधारण आठ पौंड, ३० इंचांचा दहा. मिनेसोटाचा विक्रम १९७९ मध्ये सीगल नदीत मिळालेल्या १७ पौंड ८ औंसांच्या वॉलआयचा आहे. भिंतीवर मासा हवाच असेल तर लांबी, घेर आणि फोटो एवढ्यावर फायबरग्लासची हुबेहूब प्रतिकृती करून मिळते.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: सोडायच्या इराद्याने ३० फुटांपेक्षा खोल मासेमारी करायची नाही. वॉलआयच्या पोटातली हवेची पिशवी बंद असते, तिच्यातली हवा त्याला झटकन सोडता येत नाही. खोलातून वर आणला की पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात आणि परत सोडलेला मासाही जगेलच याची खात्री नसते. मोठ्या मादीवर प्रेम असेल तर उथळात तिची वाट बघा.

पाटीत घालण्याजोगे

खायला १५ ते १८ इंचांचे उत्तम. मांस पांढरं, काटे कमी, वास नाही. म्हातारे मोठे मासे खाण्यात तशीही मजा नाही. पारा वर्षानुवर्षं त्यांच्या अंगात साठत जातो, आणि राज्याचा आरोग्य विभाग कुठला मासा किती वेळा खावा याच्या सूचना देतो. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठीच्या सूचना वेगळ्या आहेत, त्या वाचा. ज्या तळ्यावर आकाराचे नियम आहेत तिथून मासा अख्खा, मोजता येईल असाच न्यावा लागतो. साफ करणं, तुकडे करणं घरी.

निघताना बर्फावर काहीही मागे ठेवायचं नाही. मिनोची पिशवी, तंगूसाचे तुकडे, सिगारेटचं थोटूक, सगळं परत. कचरा टाकून जाणं हा गुन्हा आहे, आणि वसंतात तो सगळा पाण्यात जातो. पाडलेल्या भोकांवर हिमाचा ढीग करून त्यात एखादी काटकी रोवा, म्हणजे अंधारात येणाऱ्या दुसऱ्याचा पाय त्यात जाणार नाही. आल्या वाटेनेच, नोंदवलेल्या रेषेवरून परत जा.

घरी पोचल्यावर ऑगरची पाती पुसून कोरडी करा, तंबू गॅरेजमध्ये उघडा टांगा आणि बुटातली आतली लोकरी आवरणं काढून रात्रभर वाळत घाला. मग माशाला हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचा आगळ लावून अर्धा तास ठेवा, रव्यात घोळवून तव्यावर परता. वॉलआयचं मांस नाजूक असतं, सुरमईसारखं दमदार नाही, म्हणून आच मध्यम ठेवा आणि एकदाच उलटा.